परमुलखातले पंतोजी

बदलीच्या हुकुमाने परमुलखात येऊन राहिलेल्या माणसाला केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतोच : आपण येथे कोण? पाहुणा म्हणावे, तर पाहुण्याच्या हाती कोणी कचेरीच्या किल्ल्या देत नाही. घरचा म्हणावे, तर बाजारात भाव विचारायला तोंड उघडले की परकेपणा उघडा पडतो. या मासिकाच्या बहुतेक वाचकांना हा अनुभव आहे, आणि त्यावरचे एक तयार उत्तरही त्यांच्यापाशी आहे. आपल्याला सरकारने धाडलेले असते. पगार ठरलेला असतो, मुदत साधारण ठाऊक असते, आणि आपण येथे का आलो याचे उत्तर बदलीच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहिलेले असते. पण ज्याला कोणी धाडलेले नाही, जो आपखुशीने दूरदेशीच्या एखाद्या दरिद्री शाळेत मुलांना शिकवावयास जातो, त्याच्यापाशी असा कागद नसतो. त्याला आपले उत्तर आपणच शोधावे लागते. आणि कित्येकदा त्या शोधाच्या खटपटीतूनच त्याचे पुस्तक जन्माला येते.

अशा पुस्तकांचे एक लहानसे दालन इंग्रजी वाङ्मयात गेल्या साठ वर्षांत तयार झाले आहे. १९५८ साली इंग्लंडात ॲलेक डिक्सन यांनी तरुणांना स्वेच्छेने परदेशी सेवेस पाठविणारी संस्था काढली. १९६१ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कॉर्प्स' हे दल स्थापिले. नुकतीच पदवी घेतलेली मुलेमुली दोन वर्षांच्या बोलीने आशिया-आफ्रिकेत जाऊ लागली, आणि त्यांतली पुष्कळशी वर्गात उभी राहिली; कारण शेती किंवा बांधकाम न येणाऱ्या पदवीधराला निदान इंग्रजी तरी येत असते! भारतातही हे दल १९६१ पासून १९७६ पर्यंत होते. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या वयाच्या ६८ व्या वर्षी याच दलातून मुंबईनजीक विक्रोळीस येऊन राहिल्या व रुग्णसेवेत रमल्या. त्यांची घरी धाडलेली पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली. तेव्हा हा विषय आपल्या अंगणापासून फार दूरचा नाही.

प्रस्तुत लेखात या दालनातील चार ग्रंथकारांचा विचार करावयाचा आहे. तो करताना 'परोपकार बरा की वाईट' हा नीतिशास्त्राचा प्रश्न पुढे ठेवलेला नाही. टीकाकाराचा प्रश्न वेगळा आणि थोडा अवघड असतो. पुस्तकात पाहतो कोण, पाहिला जातो कोण, आणि पुस्तक मिटल्यावर आपल्या मनात कोणाचा चेहरा उरतो?

२

या जातीच्या सामान्य पुस्तकाची घडण एव्हाना ठरून गेली आहे. लेखक येतो. घर गळके, पाणी गढूळ, फळा पांढरा पडलेला आणि खडू भिजलेला. पहिला महिनाभर त्याला परत जावेसे वाटते. मग एखादे मूल हसते, एखादी म्हातारी अंडी आणून देते, आणि लेखकाच्या ध्यानात येते की ही माणसे गरीब असूनही सुखी आहेत. दोन वर्षे संपतात. निरोपाच्या वेळी सगळे रडतात. शेवटच्या पानावर लेखक कबुली देतो की मी शिकविण्यासाठी आलो, पण खरे शिकलो मीच.

हे शेवटचे वाक्य खोटे असते असे नाही. पण बहुधा ते कमावलेले नसते. 'मी शिकलो' म्हणणाऱ्याने काय शिकले, कोणाकडून शिकले आणि त्याची काय किंमत दिली, हे आधीच्या तीनशे पानांत दिसले पाहिजे. ते दिसत नाही, कारण तेथे मुलांची गर्दी असते, मूल नसते. दारिद्र्य देखाव्यासारखे उभे असते. ते कोणत्या कारणाने आले आणि कोणत्या हिशेबाने टिकले याची चौकशी नसते. आणि ज्या शाळेत लेखक दोन वर्षांपुरता आला, त्या शाळेत आधी वीस वर्षे शिकवीत आलेला आणि पुढेही शिकविणारा जो स्थानिक मास्तर, तो एक तर विनोदी पात्र असतो किंवा अडथळा असतो.

या सगळ्या प्रकारावर सर्वांत कठोर आघात केला तो इव्हान इलिच या धर्मगुरू विचारवंताने. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढेच बोलताना त्याने त्यांच्या सद्भावनेला सरळ धुडकावून लावले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : येथे या, डोंगर चढा, फुले पाहा, अभ्यास करा, पण मदत करावयास येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांना तुमच्या मदतीचा उपद्रव किती होतो हे सांगण्याची सोयही त्यांच्यापाशी नसते.

इलिचचा आक्षेप व्यवहाराला किती लागू पडतो याचा निर्णय येथे नको. पण वाङ्मयाला तो तंतोतंत लागू पडतो. ज्या पुस्तकात स्थानिक माणसाला लेखकाशी भांडण्याइतकी भाषा दिलेली नाही, ते पुस्तक कितीही कनवाळू असले तरी एकतर्फी आहे. पुढील पुस्तके या एकाच कसावर घासून पाहण्याजोगी आहेत.

३

पीटर हेसलर याचे 'रिव्हर टाउन' हे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. १९९६ च्या ऑगस्टअखेर हा २७ वर्षांचा अमेरिकन तरुण चोंगछिंगहून बोटीने यांगत्से नदीतून खाली फूलिंग या गावी आला. वू नदी यांगत्सेला जेथे मिळते तेथे उंच टेकाडावर वसलेले हे गाव; त्या काळी तेथे रेल्वे नव्हती, आणि अर्धशतकात तेथे कोणी अमेरिकन राहिलेला नव्हता. चीनमध्ये 'पीस कॉर्प्स' या नावाला पूर्वीच्या प्रचारामुळे इतका वाईट वास होता की तेथे या दलाला 'मैत्री स्वयंसेवक' असे सौम्य नाव घ्यावे लागले. हेसलरची नेमणूक अध्यापक महाविद्यालयात होती. त्याचे विद्यार्थी बहुतेक सिच्वानच्या शेतकऱ्यांची मुले, पुढे खेड्यापाड्यांतील शाळांतून इंग्रजी शिकविणारे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : हा परका मास्तर ज्यांना शिकवीत होता, ते स्वतः उद्याचे तेथलेच मास्तर होते.

त्याच्या वर्गाचे वर्णन या पुस्तकातील सर्वोत्तम भागांपैकी आहे. साधने तुटपुंजी, पाठ्यपुस्तकावर सरकारी विचारसरणीचा जाड लेप, खिडकीबाहेर बोटींचे भोंगे आणि दगड फोडणाऱ्यांचे घाव. अशा वर्गात तो शेक्सपिअरचे सुनीत घेऊन उभा राहतो. अर्थ सांगून झाल्यावर वृत्त शिकवावे म्हणून तो ठेका धरावयास सांगतो, आणि सारा वर्ग बाकांवर हलक्या हाताने ताल देत ते सुनीत वाचू लागतो. ज्या मुलांना आपल्या भाषेतील अभिजात कविता डझनांनी मुखोद्गत आहेत, त्यांच्या कानाला परक्या भाषेतील लय ताबडतोब पटते. लेखकाला तेथे कळते की पाश्चात्त्य विद्यापीठांत जी कविता सिद्धांतांच्या ढिगाखाली गुदमरलेली आहे, ती येथे, गळक्या छपराखाली, पुन्हा कविता झाली आहे. आपल्याकडे पाढे आणि आर्या तालावर पाठ केलेल्या पिढीला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु या पुस्तकाचे मोठेपण वर्गात नाही. ते वर्गाबाहेर लेखक जे विद्यार्थीपण पत्करतो त्यात आहे. तो चिनी शिकू लागतो. त्याचे शिक्षक त्याच्या प्रत्येक चुकीच्या उच्चाराला निर्विकारपणे 'चूक' म्हणतात. अमेरिकन पद्धतीचे तोंडदेखले कौतुक तेथे नाही. हा सतत ऐकू येणारा नकार त्याला झोंबतो, आणि त्या झोंबण्याचे वर्णन करताना तो स्वतःला सवलत देत नाही. 'हो वेइ' या आपल्या चिनी नावाने तो गावात वावरतो, आणि हळूहळू त्याला जाणवते की हा हो वेइ पीटरहून निराळा गृहस्थ आहे. पीटर विद्वान, चौकस आणि वादपटू; हो वेइ मंदबुद्धी पण मनमिळाऊ! गावकरी पीटरशी बोलत नाहीत, हो वेइशी बोलतात. आणि पीटर ते घरी जाऊन लिहून ठेवतो. परमुलखात मोडक्या भाषेत दिवस काढलेल्या प्रत्येकाला हे पटेल. आपल्या भाषेत आपण कितीही हुशार असलो, तरी परक्या भाषेत आपण सगळेच थोडेसे बावळट असतो, आणि लोक आपल्यावर लोभ करतात तो पुष्कळदा त्या बावळटावर.

पुस्तकाची रचनाही या भूमिकेला साजेशी आहे. प्रकरणांच्या मधून मधून गावाची छोटी शब्दचित्रे येतात : खानावळवाला, वृद्ध पाद्री, नदी, टेकडी. 'पांढऱ्या करकोच्याचा खडक' या नावाची एक लांब शिळा यांगत्सेच्या पात्रात होती. हिवाळ्यात पाणी उतरले की ती दिसे, आणि बाराशेहून अधिक वर्षे लोकांनी तिच्यावर नीचतम पाण्याच्या खुणा व लेख कोरून ठेवले होते. खाली थ्री गॉर्जेस धरणाचे काम चालू होते. ते झाले की हा खडक बुडणार हे सर्वांना ठाऊक होते. पुढे २००३ पासून जलाशय भरू लागला, आणि २००९ मध्ये त्या बुडालेल्या लेखांभोवती पाण्याखालचे संग्रहालय उघडले. हेसलर धरणाबद्दल गावकऱ्यांना छेडतो, आणि त्यांच्या थंड उत्तरांचे त्याला नवल वाटते. ही थंडाई त्यांची की आपल्या अपेक्षांची, ही शंका त्याने मनात जागी ठेवली आहे. शेवटी शेवटी रस्त्यात चित्रफीत घेताना जमाव त्याच्यावर उलटतो तो प्रसंगही त्याने गाळलेला नाही. निरोपाचे अश्रू अपेक्षिणाऱ्या वाचकाला येथे दोन वर्षांच्या स्नेहाच्या शेवटी एक उघडा तिरस्कार भेटतो. या प्रामाणिकपणामुळेच स्नेहावरही विश्वास बसतो.

या पुस्तकाला दोन दशकांनी एक उत्तरार्ध मिळाला. २०१९ साली हेसलर पुन्हा सिच्वानमध्ये, या वेळी चेंगदूच्या विद्यापीठात, शिकवावयास गेला, आणि त्या अनुभवावरचे 'अदर रिव्हर्स' २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे फूलिंगचे विद्यार्थी आता चाळिशी ओलांडलेले, अनेक जण स्वतः शिक्षक. त्यांच्याशी त्याने पत्रव्यवहार राखला होता. प्रश्नावली पाठवून तो त्यांची मते विचारीत असे. या दालनातील बहुतेक लेखक निरोपाच्या बोटीवर पुस्तक संपवितात. हेसलरने ते संपविले नाही, हे त्याचे या प्रकारातील श्रेष्ठत्व.

४

जेमी झेप्पा या कॅनडातील लेखिका. 'बियाँड द स्काय अँड द अर्थ' हे त्यांचे पुस्तक १९९९ चे. १९८९ साली, वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, ठरलेले लग्न आणि पुढचे शिक्षण बाजूस ठेवून त्या पूर्व भूतानातील पेमा गात्शेल येथे शिकवावयास गेल्या. भूतानात शाळेचे माध्यम इंग्रजी. त्यामुळे दुसरीच्या लहान मुलांना परक्या भाषेत सर्वच विषय शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. उंदीर, पावसाने तुटणारे रस्ते, आठवडाभर न मिळणारी भाजी यांचे त्यांचे वर्णन आरंभी घाबरलेल्या मुलीचे आहे, आणि ते तसेच राहू दिले आहे. मुले दारावर येतात, मुळा-पालेभाजी आणून देतात, घरभर फिरून प्रत्येक वस्तूची चौकशी करतात. बाईंना एकांत हवा असतो; मुलांना एकांत ही वस्तूच ठाऊक नसते. या खेचाखेचीतून जो जिव्हाळा उगवतो तो पुस्तकाच्या पूर्वार्धाचा प्राण आहे. त्या इयत्तेतील मुले एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात. 'मुलांची गर्दी' येथे नाही.

पुढे त्यांची बदली कांगलुंगच्या शेरुब्त्से महाविद्यालयात झाली. हे महाविद्यालय त्या काळी दिल्ली विद्यापीठाशी जोडलेले होते, म्हणजे हिमालयाच्या त्या कुशीतल्या मुलांनी काय वाचावे हे दिल्लीत ठरत असे! तेथे दोन गोष्टी घडल्या. एक सार्वजनिक, एक खाजगी.

सार्वजनिक गोष्ट अशी की दक्षिण भूतानातील नेपाळीभाषक प्रजा आणि राजसत्ता यांच्यात संघर्ष पेटला. पोशाखाचे व आचाराचे नियम सक्तीचे झाले, नागरिकत्वाची कसून तपासणी सुरू झाली, १९९० मध्ये निदर्शने झाली. आणि पुढील काही वर्षांत सुमारे एक लाख माणसे नेपाळमधील छावण्यांत जाऊन पडली. झेप्पाबाईंच्या वर्गात दोन्ही बाजूंची मुले होती. दोन्हीकडची मुले त्यांच्याकडे येऊन मन मोकळे करीत, आणि दोघांचेही दुःख त्यांना खरे वाटे. आपल्या स्वप्नातील शांत देवभूमी ही काही मुलांच्या दृष्टीने देवभूमी नाही, हे त्यांना विद्यार्थ्यांनीच ऐकविले. हा भाग पुस्तकात सर्वांत मोलाचा आहे, कारण येथे विद्यार्थ्याला शिक्षिकेशी भांडण्याइतकी भाषा मिळाली आहे. पण लेखिका त्या भांडणाच्या शेवटापर्यंत जात नाहीत. खाजगी गोष्ट मध्ये येते : एका विद्यार्थ्यावर त्यांचे प्रेम बसते, मूल होते, विवाह होतो, आणि बुद्धधर्माचा स्वीकार होतो. प्रेमकथा म्हणून ती सच्ची आहे. परंतु ग्रंथाच्या तोलाच्या दृष्टीने पाहता, जसजसा एक विद्यार्थी मोठा होत जातो तसतसे बाकीचे सगळे लहान होत जातात. वर्ग मागे पडतो, छावण्यांत गेलेली मुले धूसर होतात.

आणखी एक उणीव आपल्यासारख्या वाचकाला अधिक बोचते. पेमा गात्शेलला भारतातून, विशेषतः दक्षिणेकडून, आलेले शिक्षक आहेत. त्यांची छडी, त्यांचे अलंकारिक इंग्रजी यांची नोंद लेखिका घेतात, आणि छडीबद्दलचा त्यांचा संताप रास्तच आहे. पण हा मनुष्यही घरापासून हजारो मैलांवर आला आहे; त्यालाही भाषा येत नाही, त्यालाही पत्राची वाट पाहावी लागते, आणि त्याचा मुक्काम बाईंच्या मुक्कामाहून बहुधा लांबचा आहे. भूतानच्या मुलाकडे पाहताना लेखिकेची दृष्टी जितकी हळुवार होते, तितकी या परक्या सहकाऱ्याकडे पाहताना होत नाही. करुणा दाखविणे सोपे कोणावर? जो आपल्याहून लहान आहे त्याच्यावर. बरोबरीच्या माणसाला समजून घेणे कठीण.

५

पॉल थरू हा या मंडळींतला ज्येष्ठ आणि सर्वांत रागीट. १९६३ साली तो मलावीत, त्या वेळच्या न्यासालँडात, सोचे हिल येथे 'पीस कॉर्प्स'चा शिक्षक म्हणून गेला. पंतप्रधान बांडा यांच्या विरोधकांना मदत केल्याच्या आरोपावरून १९६५ मध्ये त्याला देशातून आणि दलातूनही घालवून देण्यात आले. जवळजवळ चार दशकांनी कैरोपासून केपटाउनपर्यंत खुष्कीने प्रवास करताना तो आपल्या जुन्या शाळेत पुन्हा गेला. तो वृत्तांत 'डार्क स्टार सफारी' (२००२) या पुस्तकात आहे. शाळेची घरे मोडकळीस आलेली, ग्रंथालय अंधारे, कपाटे रिकामी, पुस्तके चोरीस गेलेली. थरूचा संताप अनावर होतो. पांढऱ्या मोटारींतून फिरणाऱ्या मदत-संस्थांवर तो तुटून पडतो, आणि विचारतो की या देशाचे शिकलेले लोक येथे येऊन का शिकवीत नाहीत?

प्रश्न बिनतोड आहे. परंतु उत्तर ऐकण्यास लेखक थांबत नाही. मलावीत १९९४ साली प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली आणि वर्षभरातच पटावरील मुले सुमारे १९ लाखांवरून सुमारे ३० लाखांच्या घरात गेली. त्याच दशकात एड्सच्या साथीने शिक्षकांचे बळी घेतले. ग्रंथालयाचे रिकामे कपाट हा चोरीचा पुरावा असेल; पण तो केवळ चोरीचा पुरावा नाही. एका देशाने सर्व मुलांना शाळेत घ्यावयाचे ठरविले आणि तेवढी पुस्तके, तेवढे मास्तर त्याच्यापाशी नव्हते, याचीही ती खूण आहे. थरूने एका कपाटावरून खंडाचा निकाल दिला. हा राग प्रेमभंगाचा आहे. ज्याने आपल्या पंचविशीतील सर्वांत सुखाची दोन वर्षे एका जागी ठेवून दिली, त्याला ती जागा बदललेली सोसत नाही.

आश्चर्य हे की हेच सत्य त्याला दहा वर्षांनी कादंबरीत सापडले. 'द लोअर रिव्हर' (२०१२) या कादंबरीचा नायक एलिस हॉक हा मॅसॅच्युसेट्समधील कपड्यांचा दुकानदार. संसार मोडल्यावर तो, तरुणपणी जेथे शिकविले त्या मलाबो गावी चाळीसेक वर्षांनी परततो. शाळा पडलेली असते. गाव त्याला ओळखते, मान देते, आणि हळूहळू त्याचा पैसा व त्याचे स्वातंत्र्य दोन्ही काढून घेते. वरवर पाहता ही गावाच्या कृतघ्नतेची कहाणी. पण कलाकृती लेखकाहून शहाणी निघाली आहे. गावाला हॉकची गरज होती त्यापेक्षा हॉकला गावाची गरज कितीतरी जास्त होती, हे पानापानांतून उमगत जाते. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो होतो ही एकच ठेव त्याच्या आयुष्यात शिल्लक आहे, आणि ती वसूल करावयास तो आला आहे. प्रवासवर्णनातील थरू दुसऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. कादंबरीतील थरू स्वतः त्यात उतरतो. म्हणून प्रवासवर्णन वादात टिकते, कादंबरी मनात.

६

आतापर्यंतची सर्व पुस्तके फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने लिहिली. बाकावर बसलेल्याने लिहिले तर? न्यूझीलंडचा कादंबरीकार लॉइड जोन्स याने 'मिस्टर पिप' (२००६) मध्ये हा प्रयत्न केला आहे. निवेदिका माटिल्डा ही बूगनव्हिल बेटावरील तेरा वर्षांची मुलगी. १९९० नंतरची नाकेबंदी चालू आहे. औषधे नाहीत, दिवे नाहीत, शिक्षक बेट सोडून गेले आहेत. गावात एकच गोरा माणूस उरला आहे, मिस्टर वॉट्स. तो शिक्षक नाही. पण मुलांसाठी तो शाळा उघडतो, आणि पाठ्यपुस्तक म्हणून त्याच्यापाशी एकच ग्रंथ आहे : डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. रोज एक प्रकरण.

साधनहीन शाळेचे यापेक्षा शुद्ध चित्र वाङ्मयात क्वचित असेल. आपल्याला सगळे येत नाही हे वॉट्स मुलांना पहिल्यापासून सांगतो, आणि म्हणून गावातल्या आयांना वर्गात बोलावतो. त्या येऊन ज्याला जे माहीत ते सांगतात : खेकड्यांच्या चालीवरून हवामान कसे ओळखावे, निळ्या रंगाची गोष्ट, बियांची गोष्ट. माटिल्डाची आई मात्र या पुस्तकाची वैरीण आहे. आपली मुलगी एका कागदी पोराच्या नादी लागून आपल्यापासून दूर जाते आहे, हे तिला कळते. आणि तिचे कळणे खोटे नाही. आई आणि मास्तर यांच्यातील हा झगडा जोन्सने दोघांनाही पूर्ण न्याय देऊन रंगविला आहे. पुढे सैनिक येतात, भयंकर ते घडते, पुस्तकही हातचे जाते. आणि मुले आठवणीतून एक एक तुकडा जमवून ते पुन्हा उभे करू पाहतात.

परंतु या कादंबरीची खरी मेख शेवटाकडे आहे. ऑस्ट्रेलियात पोचलेली माटिल्डा मूळ ग्रंथ वाचावयास घेते, आणि तिला दिसते की वॉट्सने वाचताना पुष्कळ गाळले होते, पुष्कळ सोपे केले होते. तिने प्राणांपलीकडे जपलेली कथा ही डिकन्सची नव्हतीच. ती तिच्या मास्तरची होती. येथे वाचक चमकतो. परमुलखातला प्रत्येक शिक्षक हेच करतो. आपले जग कापून, बेतून, मुलांच्या अंगाला बसेल एवढे करून तो वर्गात आणतो, आणि मुले तेच अस्सल मानतात. याला फसवणूक म्हणावे की प्रेम? माटिल्डा मास्तरला दूषण देत नाही, पण त्याला देवही करत नाही. मोठी होऊन ती डिकन्सचा अभ्यास करते, म्हणजे मास्तरने गाळलेले स्वतः वाचते. शिष्याचे याहून मोठे ऋणफेड कोणते?

एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. माटिल्डाचा आवाजही अखेर एका गोऱ्या लेखकानेच घडविला आहे. बाकावरून लिहिलेले वाटणारे हे पुस्तक फळ्यापाशीच लिहिले गेले. कल्पनेची झेप म्हणून ती थोर आहे; साक्ष म्हणून ती घेता येणार नाही.

७

चारही लेखकांचा हिशेब मांडला, तर एक जागा रिकामी राहते. ती स्थानिक शिक्षकाची. तो पाहुणा येण्यापूर्वी तेथे होता, पाहुणा गेल्यावरही तेथेच राहिला. पगार तुटपुंजा, बदली मागण्याची सोय नाही, आणि पुस्तक लिहावे असे त्याच्या आयुष्यात काही घडते आहे असे त्याला कोणी सांगितले नाही. हेसलरचे जुने विद्यार्थी पत्रांतून या जागेच्या जवळ येतात, एवढेच.

मराठीत या रिकाम्या जागेला उत्तर देणारे एक पुस्तक आहे, म्हणून त्याचा उल्लेख केल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ताराबाई मोडकांच्या बरोबरीने बोर्डीस आणि मग कोसबाडला त्यांनी वारली मुलांसाठी आयुष्य वेचले. त्या परदेशी गेल्या नव्हत्या. तरी मुलांची बोली निराळी, चालीरीती निराळ्या, शाळेविषयीचा अविश्वास जुना. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जावे, हा विचार तेथल्या अनुभवातून आला. त्या पुस्तकात साहसाचा आव नाही, कारण परतीची बोट नाही. परदेश किती दूर हे नकाशावर मोजता येते. पण शिक्षक आणि मूल यांमधले अंतर राहण्याच्या मुदतीवर मोजावे लागते.

आता एक कबुली. नोकरीच्या काळात प्रस्तुत लेखकाची नेमणूक काही दिवस पूर्वेकडील एका डोंगरी जिल्ह्यात होती. वस्तीच्या शाळेत एकच मास्तर, चार इयत्ता, आणि वाऱ्याने उडालेला अर्धा पत्रा. एका हिवाळ्यात रोज सकाळी तासभर मी तेथे गणित शिकविले. मुले चलाख होती. अपूर्णांकांची बेरीज झाली, वजाबाकी झाली, गुणाकारापाशी आलो आणि बदलीचा हुकूम आला. त्या हिवाळ्याची गोष्ट मी पुढे कित्येक बैठकींत सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्यांनी कौतुकही केले आहे. ही पुस्तके ओळीने वाचताना एके रात्री ध्यानात आले की त्यातल्या पाच-सहा मुलांची नावे मला अजून पाठ आहेत, पण त्या मास्तरचे नाव आठवत नाही. त्यानेच मला खडू दिला होता, त्यानेच माझे हिंदी मुलांच्या बोलीत उलगडून सांगितले होते, आणि मी निघून गेल्यावर अपूर्णांकांचा गुणाकार त्यानेच शिकविला असणार.

थरूच्या रागाला नावे ठेवणे किंवा झेप्पाबाईंच्या नजरेतील उणीव दाखविणे टीकाकाराला सोपे आहे. पण तीच उणीव आपल्या आठवणीत निघाली की लेखणी थोडी नरम होते. तरीही निकाल बदलत नाही. या दालनातील जी पुस्तके टिकतील, ती लेखकाने किती सोसले यावर टिकणार नाहीत. वर्गात उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या शेजारी जो दुसरा माणूस उभा होता, त्याला त्या पुस्तकात नाव आहे की नाही यावर टिकतील. आपल्यापैकी अनेक जण आज अशाच दूरच्या जिल्ह्यांत, अशाच शाळांच्या आसपास राहत आहेत. कोणी आपली आठवण लिहावयास बसले, तर एवढे करावे : निघण्यापूर्वी त्या मास्तरच्या घरी जावे, आणि त्याचे नाव नीट विचारून घ्यावे.